सेकंड हँड फोर व्हीलर घ्यायचीय? मराठवाड्यातल्या रस्त्यांवर चालवायची असेल तर हे बघूनच घ्या

सोयाबीनचं, कापसाचं नायतर उसाचं पेमेंट हातात आलं की आपल्याकडं घरोघरी एकच विषय निघतो, आता एक फोर व्हीलर घेऊन टाकू. नवी झेपत नाही मग जुनी बघू. कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीनं एक पांढरी गाडी बघायला जातात, बाहेरून चकाचक, आत नवे सीट कव्हर, मागं मोठा स्पीकर, आणि त्याच दिवशी इसार देऊन मोकळे होतात. इंजिन कुणी बघत नाही, कागद तर नाहीच नाही. हे सगळं उलटं चाललंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलंय पण पूर्ण वाचा.

आपल्या भागात गाडी नुसती हौस म्हणून दारात उभी राहत नाही. शेवटची एसटी संध्याकाळी गेली की सकाळपर्यंत वस्तीवरून हलायला काही नसतं. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, साप चावला, तर १०८ ला फोन करायचाच, पण आडवळणाच्या गावात ती पोचेपर्यंत ज्याच्या दारात गाडी आहे त्यालाच उठवतात आणि अंबाजोगाई, संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल, नांदेड जे जवळ पडेल तिकडं निघतात. किनवटकडच्या माणसाला विचारा नांदेड गाठायला किती वेळ लागतो. तीच गाडी दुसऱ्या दिवशी खताच्या गोण्या आणते, पोरीला लातूरला क्लाससाठी सोडून येते, लग्नसराईत पाहुणे वाहते, पौर्णिमेला तुळजापूर करते. म्हणून जुनी गाडी घेताना मी एकच प्रश्न धरून चालतो की रात्री दोन वाजता किल्ली फिरवल्यावर ही एका दमात चालू होऊन ऐंशी किलोमीटर कुठंही न थांबता जाईल का. बाकी रंग, अलॉय व्हील, सनरूफ नंतर. पुढं जे जे तपासायला सांगतोय ते सगळं याच एका प्रश्नासाठी.

कुठली गाडी, कसलं इंधन

पैशाचं आधी. साडेतीन लाख असतील तर तीनचीच गाडी बघायची. जुनी गाडी घरी आली की ट्रान्सफर, इन्शुरन्स, दोन-चार टायर, बॅटरी, पूर्ण सर्व्हिसिंग हे पहिल्या महिन्यातच अंगावर येतं आणि सगळे पैसे सौद्यातच संपले असतील तर माणूस हे पुढं ढकलतो, मग तीच गाडी ऐन वेळेला दगा देते.

मॉडेल ठरवताना यूट्यूबपेक्षा तुमच्या तालुक्याच्या मिस्त्रीला विचारा. ज्या गाडीचा क्लच वायर, वॉटर पंप, लोअर आर्म तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो ती गाडी आपली. शेवरोलेनं २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यांच्या गाड्या आजही स्वस्तात मिळतात आणि त्यातल्या काही खरंच दणकट आहेत, पण पार्ट संभाजीनगर नायतर पुण्याहून मागवून चार दिवस थांबायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. घरात दुसरी गाडी असेल तर ठीक, एकुलती एक गाडी म्हणून नको.

डिझेल की पेट्रोल यावर आपल्याकडं पारावर भांडणं होतात. पूर्वी डिझेल म्हणजे ॲव्हरेज एवढाच हिशोब होता, आता तसं नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस सिक्स नियम आला, त्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी असते, ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला गरम होऊन सलग वीसेक मिनिटं तरी पळावी लागते. तुमचं रोजचं रनिंग घर ते शेत आणि शेत ते बाजार एवढंच असेल तर जाळी चोंदते, डॅशबोर्डवर लाइट लागते, गाडी ओढत नाही, आणि नवी जाळी बसवायची पाळी आली तर खर्च भयंकर आहे. त्यामुळं कमी अंतर चालवणाऱ्यानं पेट्रोल घ्यावं हे माझं स्पष्ट मत. रोज जालना ते संभाजीनगर, लातूर ते नांदेड असं करणाऱ्याला डिझेल परवडतं. बीएस फोर डिझेलला बहुतेक हे डीपीएफचं लफडं नाही, फक्त त्या गाड्यांचं वय आता वाढत चाललंय हे लक्षात ठेवा.

सीएनजी घेत असाल तर दोन गोष्टी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, सीएनजीची नोंद आहे का, आणि सिलेंडरची हायड्रो टेस्ट म्हणजे दाबाची तपासणी कधी झाली, ती दर तीन वर्षांनी करावी लागते आणि सिलेंडरजवळ त्याची प्लेट असते. बाहेरून किट बसवून आरसीवर नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी हेच पुढं करते. आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का ते बघा, गॅससाठी उलट्या दिशेला तीस किलोमीटर जायचं असेल तर बचत कसली.

बोनेट उघडायच्या आधी कागद

गाडी बघायला जायच्या आधीच नंबर मागवून घ्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बरंच कळतं, गाडी कुठल्या तारखेची, पेट्रोल की डिझेल, इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस कधीपर्यंत, आणि बोजा आहे का. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडं जायचंच नाही, तेल जाळायचं कशाला.

पासिंग आपल्या भागातलं असेल तर काम सोपं. एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. एका आरटीओतली गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर जुन्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, त्याचा फॉर्म २८. पुणे-मुंबई पासिंगच्या गाड्या आपल्याकडं भरपूर येतात, त्यात वाईट काही नाही, फक्त एनओसी कोण काढून देणार हे सौद्यातच बोलून घ्या.

खरी गोम परराज्यातल्या गाड्यांत आहे. देगलूर, उदगीर, नांदेडकडं हैदराबादच्या, बिदरच्या गाड्या स्वस्तात दिसतात, साठ-सत्तर हजारांचा फरक बघून माणूस भुलतो. त्या राज्याची एनओसी, मग इथं पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, तो गाडीच्या वयानुसार कमी होत असला तरी भरावा लागतोच. बाहेरच्या नंबरवर इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही, कायद्यातच तसं आहे. तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळतो असं एजंट सांगेल, तो तिकडच्या आरटीओत अर्ज करून आणायचा असतो आणि किती जण तिथं खेटे घालतात ते तुम्हीच सांगा. हा सगळा खर्च मिळवून मग फरक किती उरतो ते बघा. दिल्लीच्या डिझेल गाड्यांचंही असंच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर एनजीटी (हरित लवाद) आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनी निर्बंध आले म्हणून त्या तिकडून निघून इकडं विकायला येतात. एनओसी हातात नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल म्हणजे एचपी चढलेली असेल तर कर्ज फिटल्याचा कागद आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवाच. 'दोनच हप्ते राहिलेत, मी भरतो' हे ऐकून पैसे द्यायचे नाहीत. तुमचेच पैसे त्याच्या कर्जाला जाणार असतील तर दोघं मिळून बँकेत जा, तिथल्या तिथं कर्ज खात्यात भरा आणि पावती घ्या. फायनान्सवाल्यांनी ओढलेल्या गाड्या लिलावात घेऊन विकणारे पण आहेत, त्यात चांगली गाडी मिळू शकते पण मूळ मालकाची सही, दुसरी किल्ली आणि फायनान्सची कागदपत्रं सगळी असली पाहिजेत.

ई-चलन ऑनलाइन दिसतात, तेही बघा, समृद्धीवर नायतर पुण्यात फाडलेली पाच-सात हजारांची चलनं गाडीच्या नंबरवर पडून असतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुन्हा पासिंग करावं लागतं, त्याची फी ५००० आहे, वर पर्यावरण कर, वर पासिंगच्या आधी करायचं डेंटिंग-पेंटिंग, हे किमतीतून वजा करायचं. आणि गाडीजवळ गेल्यावर पहिलं काम म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एक-एक आकडा जुळवून बघणं. चेसिस नंबरवर घासल्याच्या, पुन्हा पंच केल्याच्या खुणा असतील तर गाडी कितीही भारी असू द्या, तिथून निघायचं.

किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागं फिरवणं फार सोपं झालंय. कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंग झाली असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथली हिस्ट्री काढा, प्रत्येक वेळेचं रनिंग त्यात लिहिलेलं असतं. तसं नसेल तर क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, स्टिअरिंग कुठं गुळगुळीत झालंय ते बघा, ड्रायव्हरच्या सीटची कड किती बसलीय ते बघा. चाळीस हजार रनिंग सांगतात आणि पॅडलचं रबर पार लोखंडापर्यंत झिजलंय हे जमत नाही. मागच्या वर्षीच्या पॉलिसीची झेरॉक्स मागा, त्यात एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस शून्य लिहिलं असेल तर बहुतेक आदल्या वर्षी क्लेम झालाय, मग कसला क्लेम ते विचारायचं.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं जो पाऊस झाला तो विसरण्यासारखा नाही, सीना, मांजरा, सिंदफणा सगळ्या पात्र सोडून वाहिल्या, धाराशिव-बीडकडं तर गावंच्या गावं पाण्यात होती. दारातल्या गाड्याही बुडाल्या. ज्यांच्या बुडाल्या त्यांचं दुःख खरं आहे, पण त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून बाजारात येणार, आल्यात, आणि घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. बुडालेली गाडी महिना-दोन महिने छान चालते, मग वायरिंगच्या जोडात हिरवा गंज धरतो आणि एकेक बंद पडायला लागतं. आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, परवा गाडी रस्त्यातच बंद. मिस्त्री पण हात टेकतो कारण दोष एका जागी नसतोच.

ओळखायचं असं. पुढचा सीट बेल्ट हळूहळू ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढा, रोज वापरात येत नाही तो शेवटचा हातभर पट्टा उजेडात धरा. गाडी धुणारा सीट धुतो, मॅट बदलतो, पण बेल्टच्या गुंडाळीत आत राहिलेला पट्टा कुणी धूत नाही. तिथं मातकट डाग, आडवी रेघ, नायतर बोट फिरवल्यावर बारीक माती लागली तर समजून जा पाणी कुठवर आलं होतं. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून खालच्या फोममध्ये बोट दाबा, डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात गाळ-गंज बघा, सीट ज्या बोल्टांनी फ्लोअरला बसवलेत ते गंजलेत का बघा, फ्यूज बॉक्सचं झाकण काढून आत बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. आणि वास. बंद गाडीचं दार उघडल्या उघडल्या नाक आत घाला, परफ्यूमचा भपकारा असेल तर एसी बाहेरच्या हवेवर न ठेवता आतल्या हवेवर पाच मिनिटं चालवा, कुबट वास लपत नाही. यातलं एकच काही सापडलं तर विचारपूस करा, दोन-तीन सापडली तर नमस्कार करून परत या.

इंजिन आणि रेडिएटर

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही यायच्या आधी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टला काहीतरी अडचण असू शकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपली माणसं दात मोजतात, चालवून बघतात, बसवून उठवून बघतात आणि मगच हातावर रुमाल टाकतात, गाडीसाठी तेवढा वेळ द्यायला काय हरकत आहे.

थंड असताना ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बघा. काळं तेल चालेल, दुधाच्या चहासारखं फेसाळ काही चिकटलं असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केटचा संशय. डिपस्टिक काढून लेव्हल बघा. मग एका माणसाला सायलेन्सरमागं उभं करा आणि स्टार्ट मारा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येऊन जाते, ते ठीक. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय, निळा आला तर ऑइल जळतंय म्हणजे रिंगा-व्हॉल्व्हचं काम, डिझेलला ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर भरपूर आला तर नोझल, टर्बो, एअर फिल्टर यातलं काहीतरी. किल्ली ऑन केल्यावर इंजिन लाइट आणि एअरबॅग लाइट आधी लागली पाहिजे आणि मग विझली पाहिजे. कधी लागतच नसेल तर ती काढून टाकलेली असू शकते, हे बघायला बरेच जण विसरतात.

आता रेडिएटर. यावर जास्त लिहितो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त गाड्या इथंच मरतात. परभणी-नांदेडकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो, एसी फुल्ल, गाडीत सहा माणसं, पुढं मांजरसुंब्याचा नायतर कन्नडचा घाट. अशा वेळी इंजिन थंड ठेवायचं सगळं काम कूलंट करतं. आणि आपली लोकं काय करतात, कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओततात. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरच्या हंड्याच्या बुडाला बघा, तोच पांढरा थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो. एका मिस्त्रीच्या गॅरेजला अशा गाडीचा रेडिएटर उतरवलेला बघितला, त्यानं तो आडवा करून हातानं ठोकला तर आतून गंजकं लाल पाणी आणि चुनखडीसारखे बारीक खडे खाली पडले, नळीतून पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाला नुसतं ठिबकत होतं. बाहेरून तोच रेडिएटर नवा दिसत होता. अशी गाडी गावात फिरताना काहीच दाखवत नाही, घाटात चढाला लागली की काटा वर जातो, आणि एकदा का इंजिन जास्त गरम होऊन हेड वाकलं की काम पंचवीस-तीस हजाराच्या खाली होत नाही.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, परत सांगतो पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं किंवा कूलंट टाकीचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं, असे भाजलेले लोक आहेत. आत हिरवं, गुलाबी, निळं कूलंट स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ तांबूस पाणी, वर तेलाचा तवंग, झाकणाला पांढरा थर, हे दिसलं तर किंमत भरपूर पाडा नायतर सोडा. मग गाडी चालू करून एसी लावून उन्हात पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. फॅन चालू होऊन बंद होतोय का ऐका आणि काट्यावर लक्ष ठेवा.

आपल्या रस्त्यावर चालवून बघा

मालक तुम्हाला गुळगुळीत हायवेला नेईल. तुम्ही गाडी गावाच्या रस्त्याला घाला. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो, म्हणून आपले रस्ते लाटा आल्यासारखे होतात आणि गाडीचं सस्पेन्शन पुण्या-मुंबईपेक्षा लवकर जातं. काचा बंद, टेप बंद, एसी बंद करून वीसच्या स्पीडनं खड्ड्यातून न्या. पुढून कटकट आवाज आला तर लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट यातलं काहीतरी गेलंय, हे फार महाग नाही, पण धडधड असा जड आवाज असेल तर शॉकअप आणि लोअर आर्म मिस्त्रीला दाखवाच. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गोल चक्कर मारा, टकटकटक वाजलं तर ॲक्सलचा जॉइंट. सरळ रिकाम्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, ब्रेक मारा आणि गाडी एका बाजूला ओढते का बघा. चढाला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण स्पीड वाढला नाही तर क्लच प्लेट संपलीय.

ॲक्सिडेंटची गाडी ओळखायला दिवसाच्या उजेडात लांबून तिरकं बघा, पत्र्यावर लाट दिसते. लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, पुट्टी भरलेल्या जागी चिकटत नाही (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं चिकटणारच नाही, घाबरू नका). सगळ्या काचांवरचा वर्षाचा कोड साधारण सारखा हवा. बोनेटच्या खालचा पुढचा पत्रा, म्हणजे एप्रन, आणि दरवाज्यांचे पिलर इथं कारखान्यातले वेल्डचे गोल ठिपके एकसारखे असतात, तिथं हातानं केलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडीला मोठा मार बसलाय. बंपरचे ओरखडे सोडून द्या, आपल्याकडं ते होणारच.

टायरकडं बघताना नुसती नक्षी बघू नका. कडेवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरचं रबर कडक होऊन कडेला बारीक भेगा पडतात. गावात चाळीसच्या स्पीडला ते कळत नाही. पण आता आपल्याला समृद्धी मिळालाय, २०२५ च्या जूनपासून नागपूर ते मुंबईकडं पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, स्पीड लिमिट १२०, जालना आणि संभाजीनगरची माणसं रोज त्याच्यावर आहेत. मेच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, भरलेल्या गाडीला, जुना टायर १०० च्या वर तासभर पळवला की फुटण्याचा धोका खरा आहे आणि त्या स्पीडला फुटलेला टायर सावरत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदलायचाच, तिथं खाचेत छोटे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं की संपला. चारही टायर बदलायचे असतील तर तेवढे पैसे सौद्यातून कमी करून घ्या, मालकाला लाजू नका.

हे सगळं झाल्यावर पण शेवटी स्वतःच्या मिस्त्रीला हजार-पंधराशे देऊन गाडी रॅम्पवर चढवून दाखवा, त्याच्याकडं स्कॅनर असेल तर बिघाडाचे कोड काढून घ्या. विकणाऱ्याच्या मिस्त्रीचं मत घ्यायचं नाही.

सौदा, इसार आणि नावावर करणं

इसार देताना कागदावर लिहा. गाडी नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, दिलेला इसार, बाकी कधी देणार, एनओसी कोण काढणार, चलन कोण भरणार, आणि ट्रान्सफर झालं नाही तर इसार परत. मोठी रक्कम ऑनलाइन किंवा चेकनं द्या. ओळखीतला सौदा असेल तर जास्तच लिहा, कारण ओळखीत नंतर बोलता येत नाही आणि संबंध तुटतात. डिलिव्हरी घेताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहून दोघांच्या सह्या, ती वेळ फार महत्त्वाची, त्याच्या आधीचं चलन-ॲक्सिडेंट त्याचं, नंतरचं तुमचं.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या घेऊन ते घडी करून डॅशबोर्डमध्ये ठेवायची आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवायची ही आपल्याकडं रीतच झालीय. मोटार वाहन कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. ॲक्सिडेंट झाला तर भरपाईसाठी कोर्ट आरसीवर नाव असलेल्यालाच मालक धरतं, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे विकणाऱ्या दाजींना वाटतं गाडी गेली, आपण सुटलो, आणि चार वर्षांनी नोटीस त्यांच्या दारात येते. घेणाऱ्याचंही नुकसानच, गाडीच्या स्वतःच्या डॅमेजचा क्लेम अडकतो, आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो आरसीवरच्या मालकासाठी असतो, तुम्ही चालवताना काही झालं तर घरच्यांना त्यातून काही मिळत नाही. एवढ्यासाठी तरी दोन-चार हजार वाचवू नका.

पॉलिसी आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडंच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं फरकाची रक्कम भरावी लागेल, ती भरा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

मागच्या मालकानं काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर नवं टाका, आपल्या धुळीत एअर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. कूलंट पूर्ण काढून, सिस्टीम धुऊन, नवं तयार कूलंट भरा, आणि यापुढं गाडीत अर्धा लिटर तेच कूलंट ठेवा म्हणजे बोअरच्या पाण्याची वेळच येत नाही. ब्रेक ऑइल बदला. बॅटरीवर तारीख बघा, आपल्या उन्हात तीन-चार वर्षांत ती थकते आणि सांगून थकत नाही. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल (काहींना चेन असते, मिस्त्रीला विचारा) आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदलूनच टाका, चालत्या गाडीत तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. जुनी पेट्रोल गाडी असेल तर इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पार्ट त्या हिशोबानं बनवलेले नव्हते. स्टेपनीत हवा भरा, जॅक आणि पाना चालतोय का ते एकदा दारातच चाक काढून बघा, घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकाला, पोरींना पण, चाक बदलायला शिकवा. आणि काय काय बदललं ते तारीख आणि किलोमीटरसकट एका वहीत लिहून ती वही डॅशबोर्डमध्ये टाका, पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्री पहिलं हेच विचारतो.